पसंतीक्रम

विद्यापीठाचा फॉर्म डॅशबोर्डवर,
पेनातली शाई गोठलेली.
प्रश्न सातवा: आठवड्याला किती तास काम करायला आवडेल?
बाहेर उणे सव्वीस.
‘आवडेल’ हा शब्द मी दोनदा वाचते.

ओनेर्वाचं ठरलंय. हेलसिंकीत मांजरांचा दवाखाना,
नऊ ते चार, बुधवारी सुट्टी.
याल्मारी मांसतपासणीत जाणार.
म्हणतो, मेलेल्या गायी रात्री फोन करत नाहीत.
हसलो होतो आम्ही, कॅन्टीनमध्ये, वाटाण्याचं सूप पीत.
गुरुवार होता.

आत्ता पावणेतीन.
वासरू उलटं आलंय, मागचे खूर आधी.
माझा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत,
अख्ख्या पंचक्रोशीत ऊब काय ती तिथेच.
इर्या टॉर्च धरून उभी, बोलत नाही.
दोर बांधला.
कळ आली की ओढायचं,
कळ ओसरली की थांबायचं.
इतकं सरळ वेळापत्रक
मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

रौतिओ डॉक्टर, ज्यांच्या जागी मी सहा आठवडे आलेय,
त्यांना इथली प्रत्येक गाय नावानिशी ठाऊक.
परवा चाव्या देताना सहज म्हणाले,
मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा
मी एका घोडीच्या पोटशुळापाशी होतो.
घोडी कुणाची ते सांगितलं. गाव, साल,
कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा.
मुलीची तारीख मात्र बायकोला विचारावी लागली.
ती आतूनच म्हणाली, अकरा मे.
आवाजात राग नव्हता.
असलाच, तर केव्हाच विरजून गेला असेल.

वासरू पडलं.
नाकात गवताची काडी फिरवली, तेव्हा कुठे शिंकलं.
गाय त्याला चाटू लागली,
माझ्याकडे ढुंकूनही न बघता.
मला ते फार बरं वाटलं.

इर्याने कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव दिला,
आणि पाठमोरी होऊन विचारलं,
कायमची येशील का, साइमी?
तोंडात घास होता.
मी तो बराच वेळ चावत राहिले.

गाडीत येऊन पेन काखेत धरलं.
पसंती पहिली: मोठी जनावरं.
मग चौकटीबाहेर, समासात, तिरकं:
महिन्याला चार रात्री. पाचवी नाही.
पाचवीला दुसरा डॉक्टर नेमा.

‘नाही’वर शाई तुटली.
पेनाच्या टोकावर फुंकर मारली,
परत गिरवलं.