भिंतच तशी आहे

इमेरेतीतल्या एका बंद पडलेल्या स्नानगृहात
नेस्तान तिकाटणं उभं करते बरोबर मध्यावर,
जिथं गोल कुंड होतं
आणि आता फरशीच्या भेगेतून
अंजिराचं रोप गुडघ्याएवढं वर आलंय.
घुमटाला भोक. त्यातून आभाळ
थाळीएवढं.

"काय मोजतेस?" राखणदार बोंदो विचारतो.
त्याच्याकडं किल्ली आहे; कुलूप कधीच गेलं.
"उजेड."
"किलोवर देतेस की लिटरवर?"

एका दिशेला नऊ फोटो.
पहिला इतका काळा, की सूर्य म्हणजे नुसता
ठोकलेला खिळा.
शेवटचा इतका उजळ, की आभाळ करपून पांढरं,
पण कोपऱ्यातल्या नळाखालचं शेवाळ
मोजून घेता येतं.
नऊही अर्धेमुर्धे.
त्यांची बेरीज केली तर उजेड सापडतो
होता तसा, होता तेवढा.
मग कॅमेरा साठ अंश वळवायचा. पुन्हा नऊ.
ढग आला की थांबायचं.
ढगाला घाई नसते, भाड्याच्या गाडीला असते.

ती कॅमेऱ्याच्या पाठीमागं पाठीमागं सरकत राहते.
चहूकडं बघणाऱ्या डोळ्यापासून लपायला
जागा एकच, त्याची पाठ.

तिच्या पिशवीत मोज्यात गुंडाळलेला एक गोळा आहे,
आरशासारखा, जुन्या रीतीचा.
त्यात आख्खी खोली मावायची,
पण मधोमध मुंगीएवढा
फोटो काढणाराही उभा असायचा,
पुसता पुसला न जाणारा.
बोंदो तो हातात घेतो, वाकून बघतो,
"अरे, हा तर माझा बाप."

"आणि असला उजेड घेतं कोण?"
"कोरियातला कुणीतरी. तो मोटार बनवतो,
कुठंच नसलेली.
हे सगळं तिच्याभोवती पांघरतो
आणि तिच्या बॉनेटवर तुमचा घुमट वाकतो."

बोंदो गप्प. मग सांगतो,
खाणीतली माणसं यायची इथं, दुखरे गुडघे घेऊन.
त्याची आई दाराशी टॉवेल द्यायची,
ओले परत घ्यायची, मोजून.
"ती दिसतील का बॉनेटवर?"
"नाही काका. रिकामं लागतं."
"मग बरोबर जागी आलीस."

चौथ्या दिशेच्या वेळी तो बादली घेऊन आत आला,
अंजिराला पाणी घालायची वेळ झाली होती.
पिवळा शर्ट, घुमटातल्या उन्हात.
तिनं हाक मारली तोवर तीन फोटो झालेले.
मग ढग आला. मग संध्याकाळ.

रात्री कुताइसीत, भाड्याच्या खोलीत,
बेरजेत बोंदो निघाला कमरेपर्यंत,
त्यातूनही पलीकडची भिंत दिसणारा.
तिनं त्याला पुसला.
शेजारच्या फरश्या उचलून त्याच्या जागी बसवल्या,
तिकाटण्याचे पाय पुसले, स्वतःची सावली पुसली,
बादली राहिली होती, तीही.
मग मधोमध एक पांढरा चेंडू ठेवला,
हिशेबातला, हात न लागलेला,
उजेड नीट पडतो का बघायला.
नीट पडला.
फक्त त्याच्या डाव्या गालावर
हळदीचं बोट लागल्यासारखं काहीतरी.

भिंत वाढवून बघितली. अंजिरामागं, पोटाएवढ्या उंचीवर,
ऊन शर्टावरून उडून तिथं बसलं होतं,
नऊतल्या तीन फोटोंपुरतं,
म्हणून फिकं.
घालवायला अर्धं मिनिट लागलं असतं.
तिनं चहा केला.
चहा निवाला.

यादीत तिनं लिहिलं :
स्नानगृह, दुपार, कडक ऊन. माणसं नाहीत.

चार महिन्यांनी सोलहून पत्र आलं,
अतिशय सभ्य :
डावीकडून किंचित पिवळं येतंय,
पांढऱ्या गाडीवर दिसतं,
काही चूक राहिली आहे का?

तिनं उत्तर पाठवलं,
नाही. तिथली भिंतच तशी आहे.