सावकाश

तू देव मानत नाहीस, मग इथं कशाला मरायला येतोस,
असं परवा दादू म्हेत्रे सगळ्यांदेखत म्हणाला.
पोथी मिटली होती, माझ्या तोंडात खोबरं होतं,
त्यामुळं लगेच उत्तर देता आलं नाही.

सव्वीस वर्षं गलाई केली.
आधी गुंटूर, मग कोइमतूर,
शेवटी सांगलीत, सराफ कट्ट्याच्या मागल्या बोळात.
विट्याच्या माणसाला दुसरं काय येतं?
सोनाराच्या दुकानातली माती पोत्यानं विकत घ्यायची,
फरशीची धूळ, पायपुसणं, हात धुतलेलं पाणी,
जाळायची, धुवायची, ॲसिडात सोडायची
आणि तळाला उरेल त्याचा टच सांगायचा.
तो पिवळा धूर अजून छातीत आहे.
पाराच्या पायऱ्या चढताना माझ्याआधी तोच बोलतो.

टाक यायचे मोडीला.
खंडोबा, जोगुबाई, घोड्यावरचा कुणी मूळपुरुष,
चांदीच्या पत्र्यावर अंगठ्याएवढे.
पहिला मुशीत टाकताना हात थरथरला.
पाचव्याला नाही.
देव वितळताना वेगळं काही होत नाही, एवढं मी पाहिलंय.
वाटी वितळते तसाच. आधी कडा, मग चेहरा.

पण कवठेमहांकाळकडची एक बाई होती,
पोराच्या फीसाठी सात टाक फडक्यात बांधून आलेली.
तराजूत ठेवण्याआधी एकेक कपाळाला लावला
आणि मला म्हणाली, भाऊ, सावकाश.
बेचाळीस ग्रॅम भरले.
त्या 'सावकाश'चं वजन मला करता आलं नाही,
ते अजून हातातच आहे.

हे दादूला कुठून सांगू?

शिवाय दर गुरुवारी एवढं खोल काही नसतंच.
कधी नुसता राग येतो म्हणून येतो.
महालिंगाप्पा म्हणाले होते, हे मागच्या जन्मीचं,
आणि सुलाबाईचा नातू तेव्हा तिथंच,
फरशीवर, तोंडाला फेस.
मी म्हणालो, मागचा जन्म राहू द्या, मिरजेला न्या,
मेंदूच्या डॉक्टरकडं, आज रात्रीच.
जोरदार भांडण झालं.
पुढं दोन गुरुवार माझ्याशी कुणी बोललं नाही,
चहा मात्र माझ्यापुढं येत राहिला.
आता पोराच्या खिशात गोळ्या असतात, गळ्यात ताईत.
सुलाबाई सांगत सुटते, दोघांनी मिळून बरं केलं.
दोघांनी म्हणजे मी आणि ताईत.
तिथं खरं तर वाद घालायला हवा होता.
मी आणखी साखर मागितली.

आप्पा मला पेचात पकडतात:
नाही म्हणायला तरी त्याचं नाव घेतोसच की.
मी म्हणतो, भूत नाही म्हणायलाही भूत म्हणावं लागतं.
आप्पा हसतात, दाताची कवळी सावरतात,
आणि पुढच्या गुरुवारी नवा पेच घेऊन येतात.
आठवडाभर ते माझ्यासाठी घासत बसलेले असतात.
माझ्यासाठी एवढं कोण करतं आता?
घरी सगळे माझ्याच मताचे,
म्हणजे मी आणि टीव्ही.

गुरव लेकीच्या बाळंतपणाला इस्लामपूरला गेला
तेव्हा देवळाची किल्ली माझ्या हातात दिली.
दादूनं डोळे वटारले.
गुरव म्हणाला, ह्याच्याकडंच बरी,
हा कशाला आत जातोय!

काल गेलो. बल्ब जळत राहिला होता.
गाभाऱ्यात तेलाचा वास, उंदराची खुडबुड,
आणि भैरोबाचा तो चांदीचा मुखवटा,
गेल्या यात्रेत वाजतगाजत आलेला,
पाटी लावून: शुद्ध, एक किलो.
हात जोडले नाहीत.
पण डोळ्यांची जुनी खोड जाईना.
कानाच्या मागं, जोडाजवळ, रंग तांबूस मारतोय.
साठ टच. फार तर पासष्ट.

बल्ब बंद केला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
देणाऱ्यानं फसवलं, की सोनारानं देणाऱ्याला?
ज्यांनी वर्गणीत अंगठ्या दिल्या
त्यांत सुलाबाईचीही होती.

गुरुवार परवावर आलाय.
सांगायचं तर आहेच.
सावकाश कसं सांगतात, ते बघतोय.