वजन कुठं पडतं

सावद्याच्या पॅकहाउसात, तुरटीच्या हौदापाशी
इक्वाडोरचा ओस्वाल्दो खोक्यावर बोटं वाजवतो:
प्ला. ता. नो.
जोर पहिल्यावर. बाकीची दोन मागून येतात,
मुकादमामागून पोरं येतात तशी.

फणीला त्यांच्यात हात म्हणतात. मानो.
फणीतल्या केळाला बोट.
चिकानं काळी पडलेली माझी बोटं मी मोडते:
मा. नो.
दोनच. जोर मा वर.

नियम सोपा आहे म्हणे.
शब्दाच्या शेवटी स्वर असला, न असला, स असला
तर शेवटून दुसऱ्यावर टेकायचं,
नाहीतर शेवटच्यावर.
आणि जो शब्द नियम मोडतो
त्याच्या डोक्यावर तिरपी काडी, लांबून दिसेल अशी.
आमच्या गल्लीत ही सोय हवी होती.

मी सगळी अक्षरं सारखीच उचलते.
ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाल्लेली जीभ ही,
जोर कुठंही दे, केळं ते केळंच.
इथं मात्र पापा म्हटलं की बटाटा
आणि पापा म्हटलं की बाप.
मुमताज तडवी हसता हसता हौदात पडायची राहिली.

बा सांगायचा,
वजन कुठी घ्यायचं ते आधी ठरव, मंग उचल.
एकवीस वर्षं सावदा स्टेशनवर वॅगनी भरल्या त्यानं.
डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली.
फोटोतही तसाच आलाय,
फोटोवाला म्हणत होता, सरळ बसा.

दुपारी डबा खाताना ओस्वाल्दो विचारतो,
तुझे वडील?
शब्द होता माझ्याकडं, कालचाच.
पापा, दुसऱ्या पा वर नीट दाबून. मग
त्राबाहो.
जोर बा वर.

तो घास थांबवून मान हलवतो.
असं म्हटलं तर, मी काम करते.
त्यानं केलं, म्हणजे आता करत नाही,
असं म्हणायचं तर शेवटच्यावर.
अक्षरं तीच. वर एक काडी.

बाहेर कंटेनर मागं घेतायत,
टीं टीं टीं, सगळे सारखे.
मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघते.
वजन बा वरून उतरतं,
हो वर येतं.
हो.

शिट्टी होते. मुमताज फणी पुढं सरकवते,
पाणी गार आहे.
त्राबाहो, म्हणते मी तिला.
बा वर.