तिसरी ओळ

कॅटफिशच्या कारखान्यातून सुटले तरी
हाताचा वास सुटत नाही, लिंबू चोळा, व्हिनेगर चोळा.
म्हणून तबकडी मी कडेनंच धरते,
तळवा लागू देत नाही.
माणसांना इतकं जपलं असतंस
तर दोन्ही नवरे टिकले असते, असं माझी बहीण अर्डेल म्हणते.
म्हणू दे.

लेम्युएल हॅदर्ली. नाव कुणाला ठाऊक नसेल.
मेम्फिसच्या एका फर्निचरच्या दुकानात, मागं, गाद्यांच्या ढिगाआड
एका दुपारी चार गाणी गायला
आणि संध्याकाळच्या बसनं डेल्टात परतला
ट्रॅक्टर दुरुस्त करायला.
मी त्याला एकदाच पाहिला,
बेल्झोनीच्या वाणसामानाच्या दुकानात कांदे निवडताना.
दुकानदारानं वजनात एक कांदा जास्तीचा टाकला,
तो त्यानं काढून परत टोपलीत ठेवला.
आई म्हणाली, बघ, हाच तो.
मी अकरा वर्षांची. म्हटलं, कोण तो?

आता विचाराल तर सांगेन.
आवाज सुरेल नाही त्याचा.
पाण्यात फुगलेलं दार जसं
चौकटीला घासत उघडतं, तसा येतो.
खाली अंगठा चालत राहतो जाड तारेवर,
दमलेला माणूस घराकडे चालतो तसा,
थांबत नाही, घाईही करत नाही.
आणि औषधाच्या बाटलीची फुटकी मान बोटात घालून
वरची तार ओढतो तेव्हा
सूर हो आणि नाहीच्या मधे
कुठंतरी उभा राहतो, पाय अवघडेपर्यंत.

आमच्याकडे गाऱ्हाणं असंच सांगतात.
एकदा सांगायचं.
मग तेच पुन्हा, शब्दाला शब्द,
कारण पहिल्यांदा कुणी ऐकलेलंच नसतं.
तिसऱ्या ओळीत काय ते उत्तर.

पण माझ्या तबकडीवर ओरखडा आहे.
होझिया निघून गेला त्या रात्री
त्याच्या ट्रंकेचा कोपरा टेबलाला लागला, तेव्हापासूनचा.

पाणी ओसरलं बाई, चिखल गेला नाही,
पाणी ओसरलं बाई, चिखल गेला नाही,

आणि सुई उडी मारते
थेट पुढच्या कडव्यात.

चाळीस वर्षं तिसरी ओळ मीच घातली.
होझियाच्या वर्षी:
भिंतीवर रेघ दिसते ना, तिथवर बुडाले मी.
कारखान्यात संप झाला तेव्हा वेगळी.
मुलगी शिकागोला गेली ते सगळं वर्ष
नुसतं हुं.
कधीकधी शिवी. चालीत बसते, छान बसते.

गेल्या नाताळात अर्डेलचा कॉर्डेल
कुठूनशी चांगली प्रत घेऊन आला, फोनमधे.
मावशी, ऐक, एक चरा नाही बघ.
चुलीवर शेंगा उकळत होत्या.
पहिली ओळ आली. दुसरी आली.
मी हातातला डाव खाली ठेवला.
तिसरी आली:

शेजाऱ्याची कोंबडी माझ्या छपरावर, नेऊन द्यायला हवी.

बस. इतकंच.
कॉर्डेल माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी हसले, आधी जरासं,
मग पोट धरून, खुर्ची शोधून.
चाळीस वर्षं त्या फटीत मी काय काय कोंबलं
आणि त्या माणसाच्या डोक्यात कोंबडी!

रात्री मात्र डोळा लागेना.
सगळं वाहून गेल्यावर, स्वतःच छपरावर बसलेलं असताना
दुसऱ्याची कोंबडी दुसऱ्याला द्यायला हवी
असं वाटणारी माणसं
मी किती पाहिली?
मोजायला लागले.
त्या एका कांद्याशी येऊन थांबले.

पहाटे शिफ्टला निघताना जुनीच तबकडी लावली,
कडेनं धरून.
सुईनं उडी मारली तिथं आज काही म्हटलं नाही.
तेवढ्यात एक बूट चढवला,
पुढच्या कडव्यात दुसरा.