पारा

सहा महिने दाताच्या कण्या केल्या, तेव्हा कुठे बाबा
दांडिया बाजारातून रिक्षात बसले.
गाल धरून. गाल धरलेलाच नाही असं सांगत.

डॉक्टर परिंदा अमीन यांच्या दवाखान्यात
प्लॅस्टिकचा पेला नाही, स्टीलचं फुलपात्र आहे;
गळ्याशी बांधायचा रुमाल कुणाच्यातरी जुन्या बांधणीचा,
उकळून उकळून ठिपके विरलेले.
नळ पायानं दाबायचा. पाय काढला की पाणी थांबतं.
"आणि चूळ भरताना पाय घसरला तर?"
"तर नदीला तेवढंच बरं, काका,"
ती म्हणाली, मराठीतच, गुजराती हेल काढून.

जुई आधी बसली. वय सात, पुढचा दात लोंबकळता.
वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, बांबूचा ब्रश,
आणि मागच्या दाढांना विसरायचं नाही,
त्या दिसत नाहीत म्हणून.
जुईनं विचारलं, मगर कशानं घासते?
"मगर घासत नाही. पडला की नवा, पुन्हा पडला की पुन्हा नवा.
तुला एकदाच मिळणार."
जुईनं जीभ फिरवून हिशेब केला.

मग बाबा.
काळं मंजन, उजवी तर्जनी, पन्नास वर्षं,
हे त्यांनी पदक दाखवावं तसं सांगितलं.
"बाभळीची काडीसुद्धा चावलीय. तुमचा बांबू आत्ता आला."
"काडी चालेल. मंजनानं हिरड्या खरवडल्यात."
बाबांचा पारा चढायला लागला, नेमका तेव्हाच
तिनं आरशात दाखवला
खालच्या डाव्या दाढेतला काळपट तुकडा:
"हासुद्धा पाराच. चांदीत कालवलेला."

एकाहत्तर साली भरलेला.
रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली पहिली पगारवाढ,
आणि बाकावर शेजारी बसून हात धरणारी आई,
लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने.
हे मला माहीत नव्हतं.
दाढ मधोमध चिरली होती. किती दिवस झाले, तेही नाही.
पोळी दुधात कुस्करायला लागले होते ते;
मला वाटायचं, आईमागे चव गेली असेल.

तोंडावर रबराचा ताणलेला पडदा, कडेला शोषणारी नळी.
तुकडा तुकडा निघाला. बेसिनमध्ये कणही गेला नाही.
सगळं जाड काचेच्या बाटलीत,
झाकण घट्ट, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख.
"गटारातून नदीत, नदीतून माशात, माशातून मगरीत,"
ती बोटांवर मोजत होती,
"नाहीतर कुणाच्यातरी ताटात."
बाबा बाटलीकडे बघत राहिले.
अर्धं तोंड बधिर, शब्द कोपऱ्यातून ओघळणारे:
"ह्यातला थोडा... घरी नेता येईल?"
"नाही, काका."
कधी नव्हे ते त्यांनी मुकाट ऐकलं.

परतताना काळाघोड्याच्या पुलावर रिक्षा थांबवावी लागली,
कारण भाजलेल्या मक्यात जुईचा दात सापडला.
आमच्यात दात कौलांवर फेकतात, उंदरासाठी.
फ्लॅटला कौलं नाहीत. जुईनं उंदीर रद्द केला.
खाली विश्वामित्री, उकळून ठेवलेल्या चहासारखी,
आणि गाळावर एक ओंडका, ज्याला डोळे होते.
"टाकू? ह्यात पारा नाहीये ना?"
"छे," बाबा म्हणाले, एकदम जाणकार,
"तो नुसता चुना."

दात गेला. मगर हलली नाही.
तिच्याकडे होते पुरेसे, आणि सगळेच दाखवायचे.
मग बाबांनी, अर्धा ओठ अजून झोपलेला,
कठड्याला धरून
दात काढले,
होते नव्हते तेवढे.