शेरा

शनिवारी सकाळची शाळा सुटली,
वर्गात उसळीचा वास तेवढा मागं राहिला.
भोपळे सरांनी तक्ता पुढं सरकवला:
वार, उपक्रम, सहभाग, यश, शेरा.
"आजच वर पाठवायचाय, बाई. फोटो जोडा."

सोमवारी आम्ही उंची मोजली.
टेप एकच, तोही तन्वेषच्या आईच्या शिलाई मशीनवरचा,
म्हणून खडूच्या खुणा भिंतीवर केल्या,
जिथं पुराची रेघ आहे
निळ्या ऑइलपेंटची, बाजूला वर्ष लिहिलेली.
पंचगंगा इथवर आली होती तेव्हा
ही पोरं पाळण्यात होती, किंवा नव्हतीच.
विघ्नेश मगदूम टाचा उचलून उभा.
"बाई, पाणी माझ्यापेक्षा कितीनं मोठं हुतं?"
एकशे सेहेचाळीस वजा एकशे अठरा.
हातच्याची वजाबाकी त्याला जूनपासून जमत नव्हती.
जमली. अठ्ठावीस.
मग पाण्याकडं बघावं तसं रेघेकडं बघून म्हणाला,
"सातवीपर्यंत गाठतोय बघा ह्याला."

सहभाग: एकतीस.

मंगळवारी हात धुतले.
नळाला पाणी नव्हतं, बादली कुंभारांच्या घरून आली.
फोटो आहे.

बुधवारी लिंग शिकवलं.
मी भंडाऱ्याची. इथं येऊन दुसरं वर्ष,
आणि दोन वर्षं माझं लाल पेन
एकाच अक्षरावर झिजतंय.
राजनंदिनी चौगले दारात उभी, वेणीची रिबीन सुटलेली.
"बाई, मी आलो."
आलो नाही गं. आले.
"व्हय बाई. आले."
कुठं होतीस इतका वेळ?
"पाणी प्यायला गेलो हुतो."
वर्गात कुणीच हसलं नाही.
हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच.
तिची आई तशीच बोलते, आजी तशीच,
गंगावेशीत भाजी विकणाऱ्या साऱ्याजणी
"मी देतो की, घ्या" म्हणतात
आणि बाई असण्यात त्यांच्या
काडीचाही फरक पडत नाही.
मी फळ्यावर दोन रकाने आखले.
पोरींनी वहीत सुबक उतरवून घेतले.

गुरुवारी मी प्रशिक्षणाला.
आमची पोरं चौथीच्या खोलीत कोंबलेली.
'विद्यार्थी बोलता करणे' असा विषय होता,
दिवसभर आम्हाला कुणी बोलू दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी आमच्या फळ्यावर
कुणीतरी ठसठशीत लिहिलेलं: बाई नाहीत.
त्याखाली वाकडं, उतरत गेलेलं: उद्या येनार.
आलिशा शिकलगारचा 'य' असा पोट फुगलेला असतो.
आलिशा, जी दिवाळीपर्यंत
नुसतं नाव लिहून वही मिटायची.
'न'चा 'ण' मी केला नाही.
गणित उरलेल्या जागेत घेतलं, बारीक अक्षरात.
दुपारी केंद्राच्या स्पर्धा. धावण्यात आपला तिसरा नंबर.
पळाली तीनच पोरं होती,
तसा रकाना तक्त्यात नाही.
प्रशस्तिपत्रावर तन्वेषचं 'तन्मय' झालं.
तो म्हणाला, राहू दे, तन्मयबी माझाच मैतर हाय.

यश: धावणे, तृतीय.
एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.
सर कुलूप शोधत होते. मी व्हरांड्यात गेले.
कुणी बघत नाही असं पाहून
भिंतीला पाठ लावली, चपला काढून.
रेघ माझ्या खालच्या ओठाला टेकली.
अशीच थोडा वेळ उभी राहिले.

फोन वाजला. आई.
"सुटली का शाळा? निघाली का गं?"
"हो," मी म्हणाले, "निघालो की."

तिकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग जरा घाबरून, लांबून,
"कोण बोलून राह्यलं?"