राजगिऱ्याएवढं

कॅरिसला मीच म्हणाले होते, दे इकडे, मला येतं.
धापा टाकत होता तिच्या लॅपटॉपचा पंखा,
वृद्धाश्रमाच्या रात्रपाळीत सगळ्या खोल्या निजल्या की
तोच एकटा जागा, दम्याच्या माणसासारखा.
माझा भाऊ इचलकरंजीत हेच तर करतो, मी सांगितलं,
जणू हाताची सफाई रक्तातून येते,
नाकासारखी.

रेक्सहॅममध्ये डिसेंबरात चारलाच अंधारतं.
आधी नळाला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून.
दहा स्क्रू. वाटीत नाही, कागदावर मांडले,
ज्याची त्याची जागा पेन्सिलीनं काढून.
इतकी काळजी. आणि मग घाई.
बॅटरीची वायर निघेना.
ती आडवी सरकवायची असते. हे मला आता माहीत आहे.
मी वर ओढली.

टच्.
कढीपत्त्याचं पान देठापासून खुडावं, इतकाच आवाज.
सॉकेट वायरीसकट हातात आलं
आणि त्याच्या शेजारचं काहीतरी, इवलंसं, तपकिरी,
उडालं.

गुडघ्यांवर बसून शोधलं, फोनचा दिवा लावून.
त्या दिवशी एकादशी; सकाळी राजगिरा निवडला होता इथेच.
फरशीच्या फटीतून एकेक दाणा उचलायचा,
नखावर घ्यायचा, डोळ्याशी न्यायचा.
राजगिरा.
राजगिरा.
राजगिरा.
मग एक, ज्याच्या दोन्ही टोकांना चांदी.

भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा,
दुकान वाढवून नुकताच जेवायला बसलेला.
फोटो पाठवला. मोठा करून पाहिला असणार त्यानं,
घास तोंडात तसाच धरून.
म्हणाला, "आक्का, मदर गेली."

दिवसातून दहादा म्हणतो तो हे वाक्य,
गिऱ्हाइकांना, काउंटरवरून, चहा पिता पिता.
मार्चमध्येही त्यानंच फोन केला होता.
तेव्हा "आई" एवढंच म्हणाला,
पुढचं क्रियापद त्याला सापडलं नव्हतं.
माझा पासपोर्ट होम ऑफिसात पडून होता
आणि मी याच टेबलाशी उभी,
ओला ओटा पुन्हा पुन्हा पुसत.

दोघंही गप्प.
तिकडे ताटात चमचा वाजला.
मग तो घाईघाईनं म्हणाला,
"म्हणजे बोर्ड. बोर्ड गेला गं."

बसस्टँडजवळच्या रेबवारनं तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला,
बघ म्हणाला. मी पाहिलं.
तांब्याचे ठिपके मुळासकट उपटलेले,
नख निघालं की खालचं बोट दिसतं
तसे गुलाबी, उघडे.
दीडशे पौंड, तो म्हणाला, आणि तरी खात्री नाही.
पण साठवण वेगळ्या चिपवर असते, ती शाबूत आहे.
दुसऱ्या मशीनला लावली की सगळं जसंच्या तसं.
"सगळं?" मी विचारलं.
त्याला वाटलं, मी फायलींबद्दल विचारतेय.

कॅरिसला सांगितलं, चहात दूध घालायच्या आधीच.
"म्हातारंच होतं ते," ती म्हणाली,
तेवढ्यात नऊ नंबरची घंटा वाजली, ती गेली.
पुढे तीन आठवडे वहीत लिहीत राहिली, पेननं,
मोठ्यानं पान उलटायचीसुद्धा नाही.
महिन्याला चाळीस देते म्हटलं,
वीसच घेते. त्यातल्या पाचाचा
केक आणून माझ्यापुढे ठेवते.

तो दाणा माझ्या पाकिटात आहे, चिकटपट्टीखाली.
टाकून दे, भाऊ म्हणतो, त्याचा आता काय उपयोग.
काल पुन्हा एकादशी होती.
कढई तापली, धूर निघायला लागला
तरी मी मुठीतला राजगिरा
बोटानं पसरत उभी,
चांदी आहे का बघत.